अक्कानं वाजवून घेतलेला सीडी प्लेअर

टक, टक.

वाकवलेल्या बोटाचा हा आवाज. खूप वर्षं झाली, पण माझ्या पत्र्यात तो अजून तसाच आहे. त्याआधीही मी आवाज ऐकले असतीलच. कारखान्यात स्क्रू फिरले, खोक्याला चिकटपट्टी लागली, ट्रक खड्ड्यांतून आदळत धुळ्याला आला. पण ते सगळे माझ्या आजूबाजूचे आवाज होते. कुणीतरी मलाच काही विचारतंय असं वाटलं, ते या आवाजानं.

मी सीडी प्लेअर बोलतोय. खोक्यावर माझं नाव डीव्हीडी प्लेअर असं छापलं होतं, पण आमच्या गावात ते कुणी वाचलं नाही. 'सीडी लाव', 'सीडी बंद कर', एवढंच. माझं म्हणणं नाही काही. माणसांनाही कुठे कुणी पूर्ण नावानं हाक मारतं.

तर धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसलो होतो. धुरपदाबाई मोठ्या मुलाला घेऊन आत आल्या. गाव त्यांना अक्का म्हणायचं. मीही तेच म्हणतो. दुकानदारानं मला काउंटरवर ठेवलं, बटणं दाखवली, खण उघडून दाखवला. अक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पदर सावरून पुढे झाली, बोट वाकवलं आणि माझ्या डोक्यावर टक टक वाजवलं. वर कान लावला.

दुकानदार हसला. "अक्का, नारळ नाहीये हा."

"माले दिखस ना," अक्का म्हणाली. "पन वस्तू काय, मानूस काय, वाजाडीन लेवाले जोयजे." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "भरेल शे. लई ले, हिलाल."

भरलेला आहे, घेऊन टाक. माझी परीक्षा अशी झाली. कारखान्यात चाचण्या होतात, शिक्के बसतात, पण त्यातलं मला काही आठवत नाही. अक्कानं मला भरलेला म्हटलं ते मात्र आठवतं.

शिंदखेड्याच्या एसटीत मी तिच्या मांडीवर बसून आलो. कंडक्टरनं खोकं बघून विचारलं, "याचं तिकीट?" अक्का म्हणाली, "मांडीवरना लेकरूले तिकीट ऱ्हास का?" अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

आमचं गाव शिंदखेड्यापासून जवळच, बुराई नदीच्या काठावर. घर साधंच, पुढे ओसरी, मागे गोठा. मधल्या खोलीत विजेचा एकच बोर्ड होता, तोही देव्हाऱ्याखाली. म्हणून टीव्ही देव्हाऱ्याखाली, आणि टीव्हीच्या खालच्या फळीवर मी. पिवळी, लाल आणि पांढरी, अशा तीन वायरींनी हिलालनानांनी मला टीव्हीशी जोडलं. पिवळीतून चित्र जायचं, लाल-पांढरीतून आवाज.

मला आणलं ते प्रेमराजच्या लग्नासाठी. प्रेमराज हा अक्काचा धाकटा. त्याच्या लग्नाचं शूटिंग नवल नावाच्या शिंदखेड्याच्या पोरानं केलं होतं. लग्नाची डिस्क आली आणि ती बघायला घरात यंत्र नाही, म्हणून मी. नवल हौशी होता. नवरी पाटावर बसली की चहूकडून गुलाब पडायचे, नवरा घोड्यावर चढला की पाठीमागे दोन हंस पोहायचे. अक्का विचारायची, "आपली विहिरीमा हंस कवय उना?"

ती माझी चांगली वर्षं. गल्लीत कुणाचं लग्न झालं की डिस्क आमच्याकडे यायची. मी फिरवून फिरवून गावची लग्नं पाठ केली. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लग्न कुणाचंही असो, बघणारा माणूस त्यात स्वतःलाच शोधतो. नवरा-नवरीच्या गळ्यात हार पडत असतो आणि हा ओरडतो, "थांबाड, थांबाड, तो खांबामांगे मीच शे." सापडला की खूश. मग बाकीच्या लग्नाकडे त्याचं लक्ष नसतं.

दसऱ्याला अक्का घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची. शेतातली मोटार, शिलाई मशीन, नानांची लुना आणि मी. मला हळदीकुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची. कुंकू थोडं आतही जायचं. मी कधी तक्रार केली नाही. पूजा होते तेव्हा शिंकू नये.

घरात दोन सुना. मोठी प्रमिलाबाई, हिलालनानांची बायको. शिस्तीची, देवाधर्माची, जिभेनं तिखट. धाकटी मंजुळाबाई, प्रेमराजची. चटचट बोलणारी, चटकन हसणारी. प्रेमराजला जळगावला डाळमिलमध्ये काम लागलं आणि ती दोघं तिकडे गेली. पण श्रावणात कानबाईला मात्र सगळे या घरात यायचेच.

कानबाई आमच्या खानदेशची देवी. श्रावणातल्या एका रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, दागिने घालतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. घरातल्या दर पुरुषामागे मूठमूठ गहू मोजून घेतात आणि ते सगळे एकत्र दळून रोट करतात. तो रोट घरच्याच माणसांनी खायचा. ज्यांचे गहू एका जात्यात, ते एका घरचे. घर फुटलं की कानबाई वेगळी मांडतात आणि गहूही वेगळे दळतात.

सोमवारी चौरंग उंबऱ्याबाहेर काढताना अक्का तो ज्या बाईच्या डोक्यावर ठेवायची, तिचा त्या वर्षीचा मान. पुढे वाटेनं सगळ्याच बाया आळीपाळीनं घेत, पण उंबऱ्यातला मान तो मान.

मंजुळाबाईच्या पहिल्या कानबाईला प्रेमराजनं नवलला पुन्हा बोलावलं होतं. ती डिस्क आली, एकदोनदा लागली आणि अक्काच्या पेटीत गेली. ती पुढे एवढी कामाला येईल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

मग मोबाइल आले. त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, बिचारे दिवसभर राबतात. पण एक दिवस मला वायरींसकट गुंडाळून कपाटावर ठेवलं. माझ्या डोक्यावर बिबड्यांचा डबा. ज्वारीचे पापड ते, वजन नसतंच त्यांना, पण डबा पत्र्याचा होता. मी वरून बघत राहिलो. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण वरून घर छान दिसतं. कोण कुणाच्या ताटात गुपचूप तूप वाढतं, ते सगळं दिसतं.

वरूनच मी ती माळ बघितली. एका दिवाळीला अक्कानं धुळ्याहून रंगीत बल्बची माळ आणली आणि देव्हाऱ्याला गुंडाळली. लाल, हिरवे, निळे बारीक दिवे. आधी संथ उघडझाप, मग एकदम लगबग, मग पुन्हा संथ. अक्का म्हणायची, "देवी हासी ऱ्हायनी."

मागच्या वर्षी, श्रावणाच्या आधीच, अक्का गेली. त्या वर्षी घरात सण झाला नाही. माळ मात्र तशीच चालू राहिली. प्रमिलाबाई देव पुसायच्या, फळी पुसायच्या, पण माळेच्या बटणाला हात लावायच्या नाहीत. ते बटण शेवटी अक्कानं दाबलं होतं.

यंदा अक्काशिवायची पहिली कानबाई. आदल्या शुक्रवारी सकाळीच प्रेमराज आणि मंजुळाबाई जळगावहून आले. जेवणं झाली. मधल्या खोलीत सुपं मांडून सगळे रोटाचे गहू निवडायला बसले. शेजारच्या लताबाईही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही.

नानांनी मूठमूठ गहू सुपात टाकले. आणि मंजुळाबाई सहज म्हणून गेल्या, "यंदा उंबरामा चौरंग मीच उचलसू. मान मनाच शे."

प्रमिलाबाईंचं बोट सुपात थांबलं. "कसा काय?"

"अक्कानी मना पहिला साले माले दिधा व्हता ना. मना डोकावर ठेवा व्हता. माले चांगलं याद शे."

"तुना डोकावर?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "तू त्या साले नवी नवरी. तुले नदीनी वाट तरी ठाऊक व्हती का? माले दिधा व्हता. मी मोठी शे."

"वाट दखाडाले तुम्ही व्हतात ना, ताई."

लताबाई हसल्या आणि लगेच गहू बघायला लागल्या. पण पुढचं बोलणं हसण्यासारखं राहिलं नाही. हिनं एक काढलं, तिनं दुसरं काढलं. अक्काच्या दुखण्यात कोण किती दिवस राहिलं तेही निघालं. शेवटी मंजुळाबाईंनी पिशवीतून एक फडकं काढलं, प्रेमराजच्या वाटचे गहू सुपातून त्यात भरले आणि गाठ मारली.

"ऱ्हाऊ द्या ताई. आम्ही आमनी कानबाई जळगावलेच मांडसूत."

नानांच्या मुठीत गहू होते, ते तसेच राहिले. प्रेमराज भावाकडे बघेना. दोघांच्या मध्ये ती गाठ मारलेली लहानशी पुरचुंडी. मला वरून ती चांगली दिसत होती. अख्ख्या घरात तेवढीच दिसत होती म्हटलं तरी चालेल.

हिलालनाना सावकाश बोलणारे. त्यांचं वाक्य सुरू झालं की माणूस पाणी पिऊन परत येतो, तेव्हा ते संपत आलेलं असतं. ते उठले. आत जाऊन अक्काच्या पेटीतून ती कानबाईची डिस्क काढली. मग स्टुलावर चढले, बिबड्यांचा डबा बाजूला केला आणि मला खाली उतरवलं.

"हाई भंगार कशाले खाले उतारं?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "उखर्डू याव शे सोमवारले. त्याले द्याले काढी ठेव म्हनी मी सांगेल व्हतं." उखर्डू म्हणजे आमचा भंगारवाला. त्याची हातगाडी मी ओळखतो. तिच्यावर गेलेला कुणी परत आलेला मी बघितला नाही.

"देखी लेऊत," नाना म्हणाले. "कोना डोकावर ठेवा व्हता… ते."

म्हणजे त्या दुपारी माझ्यावर दोन गोष्टी येऊन पडल्या. घर एक राहायचं की नाही ही एक. आणि मी उखर्डूच्या गाडीवर जायचं की नाही ही दुसरी. पहिलीची भीती जास्त वाटत होती. खरंच सांगतो.

माझी जागा तीच. देव्हाऱ्याखाली टीव्ही, खाली मी. वायरी त्याच, बोर्ड तोच. फक्त आता त्या बोर्डात अक्काची माळही लागलेली होती, आणि तिची वायर माझ्या पिवळ्या वायरीला मागच्या बाजूनं वेढे घालून वर गेली होती.

नानांनी बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला. इतक्या वर्षांनी अंगात वीज आली. म्हाताऱ्या माणसाला कुणी हात धरून ओसरीवर आणून बसवावं, तसं झालं मला. डिस्क आत घेतली आणि ती घुर्र घुर्र करून अडकली.

प्रेमराज पुढे सरकला. डाळमिलमध्ये मशिनी बघतो, त्यामुळे त्याचे हात शिवशिवत होतेच. "ऱ्हाय भाऊ, मी देखस." त्यानं माझं झाकण उघडलं आणि आतून सुकलेली झेंडूची पाकळी बाहेर काढली. भिंगावर कुंकवाची बारीक पूड बसली होती. मंजुळाबाई नाही म्हणता म्हणता हसल्या. "पोटमा पूजा शे याना." प्रेमराजनं कापसानं भिंग पुसलं, फुंकर मारली, झाकण लावलं. डिस्क फिरली. मला एकदम हलकं वाटलं.

टीव्हीवर नवलचे गुलाब पडले. मग आमचं अंगण आलं, बाया आल्या, डफ वाजायला लागला. आणि त्या सगळ्यावरून आडव्या रेघा धावायला लागल्या. पांढऱ्या, वाकड्यातिकड्या, खालून वर. कधी कमी, कधी एवढ्या की माणसाचं तोंड कुठलं आणि भिंत कुठली ते कळेना.

"गया," प्रमिलाबाई म्हणाल्या. "म्हातारा व्हयना तो."

त्यानंतर जे झालं ते मी गमतीनं सांगतो, पण तेव्हा गंमत वाटत नव्हती. प्रेमराजनं पिवळी पिन काढून पुन्हा खोचली. रेघा तशाच. पिन पिळून खोचली. रेघा तशाच. पिवळी लालमध्ये आणि लाल पिवळीत घातली, तेव्हा चित्र गेलं आणि टीव्हीतून गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. लताबाई दाराकडे सरकल्या. मग त्यानं टीव्हीला दोष दिला. मग डिस्कला. डिस्क सदऱ्यानं पुसली. नाना म्हणाले, "मी काय म्हनस…" पण तोवर लताबाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे असंच झालं होतं, तेव्हा टीव्हीवर लिंबू ठेवलं होतं.

"मंग? गयात का रेघा?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"नही. पन कायजी गई."

मला कारण ठाऊक होतं. माझ्याच अंगातून जात होतं ते. माळ उघडझाप करायची तेव्हा तिची कुरकुर त्याच बोर्डातून, त्याच वेढ्यांतून माझ्या पिवळ्या वायरीत शिरायची आणि टीव्हीवर रेघ होऊन धावायची. मी तरुण होतो तेव्हा ही शेजारीण नव्हती. माझी काही चूक नव्हती, तिचीही नव्हती. पण मला बोलायला तोंड कुठे आहे? डिस्क घातली तर दुसऱ्याचं बोलतो, एवढंच.

चित्र पुढे सरकत होतं. सोमवारची सकाळ आली. उंबऱ्यात चौरंग, त्यावर देवी, शेजारी अक्का उभी. सगळे पुढे झुकले. अंजिरी रंगाचं पातळ नेसलेली एक बाई रेघांतून हलताना दिसली.

"देखा, मीच," मंजुळाबाई म्हणाल्या.

"अंजिरी पातळ मनं व्हतं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"अक्कानी दोन्ही सुनास्ले एकच रंगनं लिधं व्हतं," नाना सावकाश म्हणाले. त्यानं तंटा आणखी वाढला.

पुन्हा मागे नेलं, पुन्हा लावलं. नेमकं त्या जागी माळ लगबगीत यायची आणि रेघांचं वादळ उठायचं. प्रेमराजनं थकून रिमोट खाली ठेवला. मंजुळाबाईंनी पुरचुंडी पिशवीत टाकली. "दुपारनी गाडी सापडी ना?" त्या प्रेमराजला म्हणाल्या.

नाना मात्र टीव्हीकडे बघतच होते. मग वर देव्हाऱ्याकडे बघितलं. पुन्हा टीव्हीकडे. त्यांची मान खालीवर होत होती. माळ संथ, रेघा कमी. माळ लगबगीत, रेघा भरून.

"मी काय म्हनस…"

"भाऊ, आते ऱ्हाऊ दे," प्रेमराज म्हणाला.

"नही. एक गोट ऐका." आणि या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं. "ती माळ हासस ना, तवयच हाई रडस."

सगळ्यांनी वर बघितलं. मग खाली. मग वर. प्रेमराज कपाळाला हात लावून हसायला लागला. तो माळेच्या बटणाकडे वळला, तसा प्रमिलाबाईंनी आडवा हात घातला.

"माळले हात लावानं नही. अक्कानी लायेल शे ती. बंद व्हवाव नही."

"वहिनी, घडीभर."

"घडीभर बी नही."

"लाईट जास," नाना म्हणाले, "तवय देवी अंधारामाच बठस ना."

"तो लाईटवालास्ना हात शे. मना हात कसा लावू?" बोलता बोलता प्रमिलाबाईंचा आवाज बारीक झाला. "ती गई, तेन्हापासून हाई एकच तिनं चालू शे या घरमा."

तेव्हा मला कळलं की ही बाई माळ का बंद करत नव्हती. मला वाटायचं, देवाच्या भीतीनं. कपाटावरून सगळं दिसतं म्हणालो ना, ते तितकंसं खरं नाही.

मंजुळाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती खाली ठेवली. देव्हाऱ्यातल्या डबीतला कापूस घेतला, तळहातावर वात वळली, निरांजनात घातली आणि तुपाचं भांडं प्रमिलाबाईंपुढे सरकवलं.

"दिवा लावा, ताई. मंग अंधार व्हवाव नही."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. तूप घातलं. काडी ओढली. निरांजन लागलं तसे दोन्ही हात जोडले आणि देवीला म्हणाल्या, "माय, आमनं भांडन मिटाडानं शे. घडीभर सोसी ले." आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

रेघा गेल्या.

नवलनं शूट केलं तेव्हा जसं होतं, तसं आमचं अंगण टीव्हीवर उभं राहिलं. उंबऱ्यात चौरंग. अक्का. कपाळावरचं तिचं गोंदणसुद्धा दिसत होतं. ती इकडे तिकडे बघत होती. ओठ हलत होते. डफाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ती हाका मारत होती हे कळत होतं. ए प्रमिला. ए मंजू.

आणि तिच्या मागे, अंगणाच्या मध्यावर, दोन अंजिरी पातळं गरागरा फिरत होती. एकमेकींचे हात धरून, पाय जुळवून, माना मागे टाकून, केस सुटलेले. फुगडी. अशी फुगडी की बाकीच्या बाया कडेनं टाळ्या वाजवत होत्या. त्या दोघींना अक्का ऐकू येत नव्हती. चौरंग दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं.

अक्का थोडा वेळ बघत राहिली. मग हसली. शेजारी उभ्या असलेल्या तरण्या बाईला तिनं खुणेनं जवळ बोलावलं आणि चौरंग तिच्या डोक्यावर ठेवला.

"अगं बया," लताबाई म्हणाल्या. "हाई तं मी शे."

मग प्रेमराजला जे हसू फुटलं, ते आवरेना. नाना हसले की त्यांचे फक्त खांदे हलतात, ते हलत होते. लताबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "किती बारीक व्हती मी. मानंनं तं माले याद बी नही."

दोघी जावा टीव्हीकडे बघत होत्या. तिथे त्यांची फुगडी सुटली होती आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. वाटेनं पुढे कधीतरी दोघींच्याही डोक्यावर चौरंग आला असेल, नाही असं नाही. तेवढंच दोघींनी आपापल्या मनात जपून ठेवलं होतं. आणि ही फुगडी मात्र दोघींनीही कुठेच ठेवली नव्हती.

"मना पाय मुरगळना व्हता त्या रोज," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही हळद लाई दिधी व्हती."

"तुना नही, मना मुरगळना व्हता," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हळद तू लाई दिधी."

प्रेमराजनं रिमोट उचलला. "देखू का?"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि गहू सुपात ओतले. प्रमिलाबाईंनी सूप हलवलं. कुणाचे कुठले ते दाणे, आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"मंग यंदा चौरंग कोन उचली?" लताबाईंनी विचारलं. त्यांना आता त्यात रस होता.

"जी फुगडी खेळाव नही, ती," प्रमिलाबाई म्हणाल्या.

रविवारी कानबाई मांडली. रोट झाले. सोमवारी सकाळी डफ वाजला तेव्हा मी माझ्या फळीवर होतो. कपाटावर परत कुणी ठेवलं नव्हतं. दारातून अंगणाचा तुकडा दिसत होता. चौरंग उंबऱ्यात आला आणि चाळिशी ओलांडलेल्या दोन बाया, एकीचे गुडघे दुखतात आणि दुसरीला दम लागतो, कंबरेला पदर खोचून मध्ये उतरल्या. चौरंग लताबाईंच्या डोक्यावर गेला. यंदा त्या याद ठेवतील.

सगळे नदीकडे गेल्यावर घर रिकामं झालं. गल्लीतून उखर्डूची आरोळी आली, दाराशी थोडी थांबली आणि पुढे गेली. नानांना शिंदखेड्याच्या दुकानातून जरा जाड, चांगली पिवळी वायर आणायची आहे. माळेची वायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर न्यायची आहे. ते सावकाश माणूस आहेत, पुढच्या कानबाईपर्यंत होईल. मला घाई नाही.

तुमच्याही घरी कपाटावर माझा एखादा भाऊबंद डब्याखाली पडलेला असेल. त्याला एकदा खाली घ्या. त्याच्या पोटातलं कुंकू पुसा. आणि चित्रावर रेघा आल्या तर लगेच त्याचं वय काढू नका. शेजारी काय लावलंय, तेवढं आधी बघा. माझं मागणं एवढंच. बाकी माझं चांगलं चाललंय.

दुपार कलली तशी माणसं नदीवरून परतली. ओसरीवर गलका, चहाची भांडी, मंजुळाबाईंचं हसणं. प्रमिलाबाई एकट्याच आत आल्या. पाय ओले, पदराला रेती. देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. माळेचं बटण दाबलं. लाल, हिरवे, निळे दिवे संथ लागले.

मग त्या खाली वाकल्या. माझ्यावर उडालेलं कुंकू पदरानं पुसलं. आणि बोट वाकवून माझ्या डोक्यावर वाजवलं.

टक, टक.

कान जवळ आणला. ऐकलं. आणि मला फळीवर नीट आत सरकवून ओसरीकडे निघून गेल्या.